हलक्या वजनाची नाव

थुंकीलाही वजन असतं, हे मला विशीत कळलं. चौघी जणी बंद बसमध्ये बसून प्लास्टिकच्या बाटल्यांत थुंकताहेत आणि एक बुटासुटातला माणूस त्या बाटल्या उन्हाकडे धरून कुणाची किती भरली ते बघतोय, हे चित्र आज इतक्या वर्षांनीही डोळ्यांपुढे आलं की माझ्या घशाशी येतं. हे प्रकरण लिहायचं मी पुष्कळ दिवस टाळलं. लहानपणचं लिहिलं, शाळेतल्या नोकरीचं लिहिलं, लग्नाचंही लिहून झालं. घरच्यांनी वाचून छान म्हटलं. मग मुलगी म्हणाली, "आई, तू देशासाठी खेळायला गेली होतीस ते कुठाय यात?" म्हणून बसले आहे. पण हे छान नाही, आधीच सांगून ठेवते.

आमचं घर दिघीच्या खाडीला लागून, कोळीवाड्यात. ओटीवर बसलं की समोर पाणी आणि पलीकडे आगरदांडा. फेरीबोटीचं इंजिन सकाळी पहिल्यांदा धडधडलं की आय चुलीवरून तवा उतरवायची, कारण तोवर तिच्या भाकऱ्या झालेल्या असायच्या. बाबांची होडी खाडीच्या मध्यावर नांगरलेली असे. मासळी घेऊन आले की ते तिथूनच हाक मारत आणि मी लहान डोणी वल्हवत जाऊन पाट्या काठाला आणी. भाऊ बाबांबरोबर समुद्रात, म्हणून हे काम माझं. भरती असो, ओहोटी असो, पाणी पाठीवर घ्यायचं की पोटावर, हे मला कुणी शिकवलेलं आठवत नाही. अंगणात बोंबील वाळत, खळ्यावर जवळा पसरलेला, आणि त्यावर कावळे बसू नयेत म्हणून आजूबाजूच्या बायकांचा दिवसभर हाऽऽ हाऽऽ चाललेला. आय पाटी डोक्यावर घेऊन एसटीने तळा गावच्या बाजाराला जाई. कंडक्टर कुरकुर करी, वास येतो म्हणून मागे बसवी, आणि आय मागच्या बाकावरून अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, "वास येतं तं नाक धर. घरी जाऊन बायकूला सांग, आज मांदेली नको करू."

खाण्याच्या बाबतीत आय कुणाचंच ऐकत नसे. तांदळाची भाकरी, त्यावर कांदा घालून परतलेली सुकट, रात्री चिंबोरीचा रस्सा असला तर वाटीवर वाटी. मी दुसरी वाटी नको म्हटलं की तिचं ठरलेलं: "अंगान ताकद न्हाय तं वल्हं कसा मारशील गो बाय? खा." त्या खाण्याने माझे खांदे रुंद झाले. गल्लीतल्या बायका आयला म्हणत, पोरगी फार थोराड दिसते, लग्नाला त्रास होईल. आय म्हणे, बघू.

मुरुडच्या कॉलेजात असताना पाण्यातल्या खेळांचा एक कॅम्प लागला आणि तिथे मी वल्हं मारताना मोहिते सरांनी मला पाहिलं. सर सैन्यातून निवृत्त झालेले, पुण्याजवळच्या तलावावर मुलींना रोइंग शिकवायचे. त्यांनी घरी येऊन बाबांना समजावलं. म्हणाले, पोरीला दोन वर्षं द्या, हिला परदेशात नेतो. पदक आणलं तर रेल्वेत, पोलिसात, कुठेही नोकरी पक्की. बाबांना नोकरीचं पटलं. आयला काही पटलं नव्हतं, पण तिने निघताना सुकटीची भली मोठी बरणी बांधून दिली.

शर्यतीची नाव म्हणजे आमच्या डोणीशी काही संबंध नसलेली गोष्ट. लांबलचक, अरुंद, कागदासारखी हलकी. आमची चौघींची होती. प्रत्येकीच्या दोन्ही हातांत एकेक वल्हं, बैठक चाकांवर पुढेमागे सरकणारी, आणि जायचं ते पाठीच्या दिशेने. समोर फक्त पुढच्या मुलीची पाठ दिसते. माझ्या पुढ्यात लिसी असायची. ती केरळातली, बॅकवॉटरच्या काठची. आमच्या चौघींचा ताल तीच धरायची. माझ्या मागे मणिपूरची इबेमा, अंगाने अगदी बारीक, आणि तिच्या मागे पंजाबची जस्सी. चौघींची भाषा म्हणजे मोडकीतोडकी हिंदी. पहिल्या आठवड्यात मी खोलीत सुकटीची बरणी उघडली तेव्हा जस्सी नाकाला ओढणी लावून बाहेर पळाली. लिसी मात्र अंथरुणातून उठून वास काढत आली, चिमूटभर तोंडात टाकली आणि डोळे मिटून उभी राहिली. म्हणाली, "घर." तेवढंच. त्यानंतर बरणी आम्हा दोघींची झाली. मी आजवर कितीतरी माणसांबरोबर जेवले, पण लिसीसारखी चवीने खाणारी पोरगी पाहिली नाही. मेसच्या पांचट डाळीतही ती काहीतरी चांगलं शोधून काढी.

मोहिते सरांनी आम्हाला सगळं दिलं, हे मी नाकारत नाही. पहाटे तलावावर धुकं असायचं आणि त्यातून सरांचा सायकलवरून आवाज यायचा, "लिसी, घाई नको. नंदा, पाठ सरळ." हाताला फोड आले तर स्वतः हळद लावायचे. आम्ही त्यांना देव मानत होतो. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त किळस कुणाची आली असेल तर ती त्यांची. वाईट माणसाकडून वाईटच होणार. चांगला माणूस खिडकीबाहेर बघत बसतो, त्याला औषध नाही.

वाईट माणूस म्हणजे आमचा मॅनेजर. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. तेव्हा आम्ही त्याला साहेब म्हणायचो आणि तो आला की उभ्या राहायचो. आता एकेरीत लिहितेय; एवढा हक्क वयाने दिलाय. तो आयुष्यात कधी नावेत बसला नव्हता. पांढरे बूट घालून धक्क्यावर उभा राहायचा, हातात अत्तर लावलेला रुमाल. माझ्याशी बोलताना तो रुमाल नाकाशी न्यायचा. "काय मग, मच्छीवाली?" म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. पण आमच्या घरच्या बोंबलांपेक्षा त्या अत्तराचाच वास मला आजही सहन होत नाही. आता आमच्या घरच्या लॉजवर कुणी पाहुणा तसलं काही लावून आला तर मी त्याला चावी देते आणि आत निघून जाते.

परदेशातल्या अजिंक्यपद स्पर्धेला निघायच्या महिनाभर आधी तो तलावावर आला तेव्हा फार खुशीत होता. आम्हाला ओळीने उभं केलं आणि म्हणाला, "मुलींनो, तुमचं पदक मी घेऊन आलोय." झालं होतं असं, की आम्ही ज्या खुल्या गटात उतरणार होतो त्यात पुष्कळ देश होते, सगळे तगडे. पण हलक्या वजनाच्या गटात चौघींच्या नावेसाठी अवघ्या दोनच देशांनी नावं दिली होती. आपण तिसरे. तीन नावा, तीन पदकं. शर्यत पूर्ण केली की कांस्य आपलंच. त्याने आमची नोंद त्या गटात बदलूनही टाकली होती.

मोहिते सर म्हणाले, "साहेब, पण या हलक्या गटातल्या नाहीत. इबेमा सोडली तर तिघींचीही वजनं वर आहेत."

"मग उतरवा."

"एका महिन्यात?"

"मोहिते, तुम्हाला पदक पाहिजे की नको?"

सर तलावाकडे बघत राहिले. त्या वेळी मला वाटलं, ते विचार करताहेत.

नियम असा होता की चौघींच्या वजनाची सरासरी सत्तावन किलोच्या आत हवी आणि एकटीचंही एकोणसाठच्या वर नको. म्हणजे इबेमाने उपाशी राहून सरासरी खाली आणली तरी आमची एकोणसाठची अट सुटत नव्हती, बोजा आम्हा तिघींवर आणि त्यातही लिसीवर, कारण तिची हाडंच रुंद. आधी भात गेला. मग पोळी गेली. मग दुपारचं जेवणच गेलं. काकडीच्या नुसत्या साली कुणी खाल्ल्यात? आम्ही खायचो, कारण त्या चावायला वेळ लागायचा. माझी पाळी बंद झाली, जस्सीचे केस मुठीत येऊ लागले. मॅनेजर मात्र आता रोज मेसमध्ये आमच्याच टेबलावर जेवायला बसायचा, लक्ष ठेवायला म्हणून. कोंबडीची तंगडी दोन्ही हातांनी धरून ओरपायचा, बोटं चोखायचा, आणि रस्सा हनुवटीवर ओघळलेला असतानाच म्हणायचा, "लिसी, तुझ्या ताटात ते काय आहे? ठेव, ठेव परत." लिसी ठेवून द्यायची. एकदा तिने माझ्या बरणीतल्या सुकटीचा नुसता वास घेतला आणि झाकण लावून टाकलं. मला त्या दिवशी फार रडू आलं होतं. माणसाला भूक लागणं ही काय शरमेची गोष्ट आहे? पण आम्हाला शरम वाटायला लागली होती. रात्री पोटात गुरगुर झाली तर आम्ही एकमेकींची माफी मागायचो.

परदेशातलं ते गाव मला फारसं आठवत नाही. तलाव सुंदर होता, कडेला झेंडे, रंगीत तंबू, आणि निरनिराळ्या देशांच्या उंच, मोकळ्या हसणाऱ्या मुली. त्या केळी खात होत्या. मला त्या मुलींचे चेहरे आठवत नाहीत, केळी आठवतात.

स्पर्धेत दोन शर्यती. पहिली कुणाची नाव पाण्याच्या कुठल्या पट्ट्यातून जाणार ते ठरवायला, दुसरी अंतिम, आणि दोन्ही दिवशी शर्यतीआधी वजन. पहिल्या सकाळी आमची सरासरी वर होती. मॅनेजरने आम्हाला रेनकोट घालायला लावले, त्यावर लोकरी स्वेटर, आणि भर उन्हात उभ्या केलेल्या बसमध्ये खिडक्या लावून बसवलं. च्युइंगगम वाटला आणि बाटल्या दिल्या. "चावा आणि थुंका. गिळलंत तर मी आहे." आम्ही चावत होतो, थुंकत होतो. थोड्या वेळाने तोंडात काही येईना. नुसता चिकट पांढरा फेस. तो बाटल्या उचलून उन्हाकडे धरायचा. "जस्सी फर्स्ट! मच्छीवाली, तू मागे पडलीस." ड्रायव्हर परदेशी माणूस, तो खाली उतरून दूर जाऊन उभा राहिला. लिसीला उलटी झाली. पिवळं पित्त, तिच्या गुडघ्यांवर, माझ्या बुटांवर. मॅनेजरने रुमाल नाकाला लावला आणि म्हणाला, "चांगलं झालं. तेवढंच कमी."

मोहिते सर पुढच्या सीटवर होते. मी त्यांच्या मानेकडे बघत होते. ती मान वळली नाही.

त्या दिवशी वजन मर्यादेत बसलं आणि आम्ही शर्यत कशीबशी पूर्ण केली, अर्थात तिसऱ्या. पाणी प्यायलो तर वजन पुन्हा वाढलं, कारण शरीराला दुसरं काय कळतं? दुसऱ्या सकाळी पुन्हा तीच बस, तेच रेनकोट. लिसीचे ओठ फाटले होते आणि लघवी चहासारखी होतेय असं ती मला म्हणाली होती. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "आजचा दिवस, नंदा." बसमध्ये लिसी माझ्या शेजारी होती. मॅनेजर आला, तिच्यापाशी वाकला आणि तिच्या तळहातावर दोन पांढऱ्या गोळ्या ठेवून आपल्या हाताने तिची मूठ मिटवली. "पाणी काढणाऱ्या आहेत. घे. कुणाला दाखवायचं नाही, आपल्या घरातलीच गोष्ट आहे." त्याच्या बोटांना सकाळच्या ऑम्लेटचा वास होता, तो माझ्यापर्यंत आला. लिसीने गोळ्या सुक्या तोंडात टाकल्या. गिळता येईनात म्हणून मान मागे टाकून ती कितीतरी वेळ तशीच बसली.

वजन मर्यादेत बसलं. त्याने टाळ्या वाजवल्या.

अंतिम शर्यत सुरू झाली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. बाकी दोन नावा पहिल्या काही वल्ह्यांतच सुटून गेल्या, आम्हाला त्यांच्याशी देणंघेणंही नव्हतं. नुसतं पोचायचं होतं. माझ्यासमोर लिसीची पाठ. त्या पाठीवर घामाचा टिपूस नव्हता, मानेवर मिठाची पांढरी रेघ तेवढी. अर्धं अंतर गेल्यावर तिचा ताल डळमळला. एक वल्हं पाण्यात, एक वर. मी ओरडले, "लिसी, हळू!" तिने मान हलवल्यासारखं केलं. काठावरच्या गर्दीचा आवाज यायला लागला, म्हणजे शेवट जवळ आला होता. आणि तेव्हा तिची बैठक सरकत मागे आली, पण पुढे गेली नाही. ती तशीच मागे कलली आणि तिचं डोकं माझ्या पायांवर येऊन पडलं. डोळे उघडे होते. बुबुळं वर गेलेली.

मी वल्हवायचं थांबले. मागून जस्सी किंचाळली, "रुक मत, नंदा! रुक मत! थोड़ा ही है!" इबेमा रडत होती, पण वल्हवत होती. दोघींच्या ताकदीवर नाव पुढे सरकतच होती. पोचलो असतो. हे मी स्वतःला कधी नाकारलं नाही. आणखी थोडा वेळ आम्ही तिघींनी लिसीला ओढून नेलं असतं तर पदक मिळत होतं, आणि पदकामागे चार घरांतल्या नोकऱ्या उभ्या होत्या. जस्सीचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. लिसीच्या खाली तीन बहिणी. मला सगळं ठाऊक होतं. पण लिसीच्या तोंडातून फेस आला आणि माझ्या पायावर ओघळला. मी दोन्ही वल्ह्यांच्या मुठी एका हातात धरल्या आणि दुसरा हात वर केला.

हात वर करणं म्हणजे आम्ही सोडलं. पंचांची मोटरबोट लगेच आली. त्यांनी लिसीला उचलून घेतलं. आमची नाव मोटरबोटीच्या लाटांवर हलत तिथेच राहिली, मान वळवली की शेवटची रेषा दिसत होती.

धक्क्यावर मॅनेजर धावत आला. मला वाटलं, लिसीचं विचारेल.

"हात का वर केलास?"

मी म्हटलं, "साहेब, लिसी पडली. बेशुद्ध झाली."

"मग? नावेत चौघी असल्या म्हणजे झालं. शुद्धीवर असायला पाहिजेत असं कुठल्या नियमात लिहिलंय?"

ही वाक्यं मी बदललेली नाहीत. लिहिताना हात थांबला, म्हणून पुन्हा वाचून बघितली. अशीच होती. मी त्याच्या पांढऱ्या बुटांवर ओकले. ठरवून नाही, पण पोटात होतं नव्हतं ते पित्त सगळं तिथे पडलं, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

लिसी वाचली. मूत्रपिंडं बिघडली होती, रक्तातले क्षार गेले होते, बरेच दिवस तिथल्या इस्पितळात होती. आम्हाला आधी परत पाठवलं. पुढे तिथल्या डॉक्टरांनी गोळ्यांचं काहीतरी कळवलं असावं, कारण पुण्यात चौकशी लागली. लांब टेबल, तीन मोठी माणसं, मध्ये काजूंची बशी. मॅनेजर त्यांच्याच बाजूला बसलेला, आरोपी असल्यासारखा नव्हे, यजमान असल्यासारखा. मी जे पाहिलं ते सांगितलं. गोळ्या, मूठ, त्याचे शब्द. जस्सी म्हणाली, मी पाहिलं नाही. इबेमा म्हणाली, मला हिंदी नीट समजत नाही. त्या दोघींना मी दोष देत नाही; पुढच्या वर्षीच्या संघात त्यांची नावं होती. मोहिते सर म्हणाले, "मी पुढे बसलो होतो. मागचं मला दिसलं नाही." आणि त्यांनी एक काजू उचलला. का उचलला असेल? हाताला काहीतरी काम हवं म्हणून असेल. पण तो काजू चावताना हललेला त्यांचा जबडा मला अजून दिसतो.

मग लिसीला आत बोलावलं. ती निम्मी झाली होती, सलवारीत हरवली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघत म्हणाली, "मैंने खुद लिया. अपने मन से. किसी ने नहीं दिया."

खोलीत कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला. मधला माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "तुमच्या रागाची कल्पना आहे आम्हाला. पण एका ज्येष्ठ माणसावर असा चिखल उडवू नये." मॅनेजर मोठ्या मनाने हसला. म्हणाला, "जाऊ द्या हो, लहान आहे. मी माफ केलंय तिला."

पायऱ्यांवर सर माझ्या मागे आले. "नंदा, माझा नाइलाज होता," एवढंच म्हणाले. मी त्यांना नमस्कार केला नाही. तोपर्यंत रोज करायचे.

नंतर समजलं की मॅनेजरने लिसीला नोकरीचा शब्द दिला होता. तिच्या वडिलांना इस्पितळातूनच फोन लावून दिला होता. नोकरी तिला मिळाली नाही. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, असं करत करत तो शब्दच विसरला गेला.

मी दिघीला परतले. कोळीवाड्यात माझ्या नावाचा फलक छापून आणलेला होता, तो गुंडाळून समाजमंदिराच्या मागे ठेवलेला होता. बायका भेटायला यायच्या आणि चहा पिऊन झाल्यावर विचारायच्या, पन हात कशाला वर केलास गो? एकदा बाबा जाळं विणता विणता मान खाली घालूनच म्हणाले, "आजून जरासा वल्हवला असतास तं?" आय आत होती. ती हातातला पळा तसाच घेऊन बाहेर आली. "ती पोरगी मेली असती तं? तुजी पोर असती तिच्या जागी तं?" बाबा म्हणाले, मी नुसतं विचारलं. आय म्हणाली, "नको विचारू." बाबांचं चुकलं असं मला वाटत नाही. त्यांना पोरीची नोकरी दिसत होती. पण त्यांच्याकडून ते ऐकलं तेव्हा घरातल्या घरात मला एकटं वाटलं.

जेवण मला कितीतरी महिने जात नव्हतं. चुलीवर मासळी चरचरली की पूर्वी तोंडाला पाणी सुटायचं, आता तोंडाला पाणी सुटण्याचीच किळस यायची. लाळ आली की बाटली आठवायची. आय समोर बसून राहायची. भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात द्यायची आणि मी खाल्ला की दुसरा मोडायची. ती दुसरा मोडेपर्यंत मी गिळायचे. असं करत करत मी जेवायला लागले. पुढे शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला, तळा गावच्या शाळेत नोकरी लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथे होते. माझ्या मैदानावर कुठल्याही पोरीचं वजन कधी केलं नाही. वरून कागद यायचे, तेव्हा मी अंदाजाने आकडे भरून पाठवायचे.

लिसीला मी तीन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. मग मीही सोडून दिलं. मला तिचा राग होता का? होता. त्या राक्षसाचं वागणं मी समजू शकत होते, पण तिने मला त्या टेबलापुढे खोटं पाडलं, ते माझ्या मनातून पुष्कळ वर्षं गेलं नाही. तिच्या तीन बहिणी आठवल्या की राग कमी व्हायचा, पुन्हा वाढायचा.

आता आम्ही मुरुडला असतो. माझ्या यजमानांचं लहानसं लॉज आहे, चार खोल्या, मागे नारळीची वाडी. परवाच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी पाहुणे कुणी नव्हते, म्हणून टीव्ही लावून वाल सोलत बसले होते. देशभर दिसणाऱ्या बातम्यांत कसलासा सत्काराचा समारंभ दाखवत होते. खुर्चीवर एक थकलेला म्हातारा, अंगावर शाल, कुणीतरी त्याच्यापुढे माइक धरलेला. मी आधी ओळखलं नाही. त्याने खिशातून रुमाल काढून डोळे पुसले तेव्हा ओळखलं. खाली पट्टी होती, महिला नौकानयनासाठी आयुष्य वेचणारे. तो म्हणत होता, "मला स्वतःची मुलगी नाही. पण या सगळ्या माझ्या मुली. त्यांना मी कधी उपाशी ठेवलं नाही." आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. शाल देणारी बाई त्याच्या पाया पडली. माझ्या हातातला वाल चिरडून त्याचा लगदा झाला होता. उठून टीव्ही बंद करायचं मला सुचलं नाही.

लॉजचा फोन वाजला. नंबर बाहेरचा होता. मी सवयीने म्हटलं, "बोला, रूम पाहिजे का?"

पलीकडून एका बाईचा आवाज आला. "नंदा?"

मी ओळखलं. आवाज जाडा झाला होता, पण 'नंदा'मधला 'द' ती अजून तसाच जिभेवर आपटून म्हणत होती. लॉजचा नंबर नेटवर असतो, तिच्या मुलाने शोधून दिला होता, हे तिने नंतर सांगितलं.

"टीव्ही देखा?" तिने विचारलं.

"देखा."

"वो रोया."

"हां. रोया."

"छी!" लिसी म्हणाली. पोटाच्या तळातून, थुंकल्यासारखी.

मीही म्हटलं, "छी!" आणि मग काय झालं मला सांगता येणार नाही, आम्ही दोघी हसायला लागलो. ती खोकेपर्यंत हसली, मी पदराने डोळे पुसत राहिले. हसू थांबल्यावर ती हळू आवाजात म्हणाली की त्या टेबलापुढे ती खोटं बोलली होती. मी म्हटलं, माहीत आहे. ती म्हणाली, नाही, मला ते तोंडाने म्हणायचं होतं. मी म्हटलं, म्हण मग. तिने पुन्हा म्हटलं, सगळं, पहिल्यापासून, कुणी काय सांगितलं, वडील फोनवर काय म्हणाले, टेबलाशी उभी असताना तिला माझी चप्पल दिसत होती आणि ती वर बघू शकली नाही. मी ऐकत राहिले. बाहेर अंधारून आलं होतं, दिवा लावायचा राहिला होता.

यजमान वाडीतून आले. मला अशी फोनला चिकटून बसलेली बघून त्यांनी खुणेने विचारलं, कोण?

मी फोनवर हात धरला आणि म्हटलं, "आमच्या नावेतली आहे. तुम्ही जेवून घ्या, मला वेळ लागेल."